रात्रीचा राजा

गेल्या मे महिन्यात कुणकेश्वरला आमच्या पडवीत एक कोर्ट भरलं. आरोपी माझा नातू, वय वर्षं तेरा, कायमचा मुक्काम ठाणे. फिर्यादी आमचे शेजारी, निवृत्त मास्तर. साक्षीदार म्हणून माझा चुलतभाऊ आणि आंबे उतरवायला आलेले दोन गडी. न्यायाधीश मी. घर माझं, चहा माझा आणि आरोपीही माझाच असल्यामुळे या पदासाठी दुसरा उमेदवार नव्हता.

आरोप साधा होता. मुलगा दोन दिवस मोबाइलवर गेम खेळतो आहे. एवढ्यावर मी त्याला ताकीद देऊन सोडणार होतो. पण मास्तरांनी चष्मा पुसत पुसत विचारलं, "काय रे, असतं तरी काय त्या खेळात?" आणि आरोपीने, वकिलाचा सल्ला न घेता, खरं ते सांगितलं : "आत्ता मी शिवाला बोलावलं. ती येते आणि बर्फ फेकते."

"ती?" मास्तर म्हणाले.

"हो. शिवा बाई आहे."

आमच्या पडवीतून कुणकेश्वराच्या देवळाचं शिखर दिसतं. कोकणची काशी म्हणतात या जागेला. महाशिवरात्रीला गावोगावचे देव पालख्यांत बसून इथे समुद्रस्नानाला येतात. अशा ठिकाणी, शिखराच्या साक्षीने, हे वाक्य! गड्यांपैकी एक जण आंब्याची पेटी खाली ठेवून म्हणाला, "आमच्या देवाक बाई केल्यानी!" आणि कोर्टाचा नूरच बदलला.

तेव्हापासून मी न्यायाधीशाची खुर्ची सोडून आरोपीचा वकील झालो आहे. हा लेख म्हणजे माझं बचावाचं भाषण. पडवीत ते पूर्ण करू दिलं नाही, म्हणून इथे करतो.

आधी मुद्देमालाची ओळख. खेळाचं नाव 'फायनल फँटसी', भाग तिसरा. जपानात 1990 साली आला. चार पोरकी मुलं असतात. भूकंपाने जमीन फाटते, ती एका गुहेत पडतात, तिथे त्यांना वाऱ्याचा स्फटिक भेटतो आणि तो त्यांच्या गळ्यात जगाचा तोल सावरण्याचं काम घालतो. पोरं बिचारी निघतात. पुष्कळ हिंडल्यावर कळतं, की आपण ज्याला जग समजत होतो ते आकाशात तरंगणारं एक बेट आहे, खरं जग खाली आहे आणि ते पाण्यात बुडालेलं आहे. हे ऐकल्यावर मला गहिवरून आलं. कुणकेश्वरहून पहिल्यांदा नोकरीसाठी मुंबईला उतरलो तेव्हा माझं नेमकं हेच झालं होतं. पाण्यासकट. जुलै महिना होता.

हा सगळा संसार जपान्यांनी मूळ 512 किलोबाइटांत बसवला होता. म्हणजे मास्तर रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट जी सुप्रभातं पाठवतात, त्यांतल्या चारपाच सुप्रभातांच्या जागेत. 2021 साली तोच खेळ नव्याने रंगवून मोबाइलवर आणला. तो मीच नातवाला वाढदिवसाला विकत घेऊन दिला. म्हणजे गुन्ह्याला चिथावणी देणारा मी. ही कबुली पडवीत दिली नव्हती, इथे देतो.

आता शंकराची बाई झाली त्याबद्दल. जपान्यांनी नाव आपलं घेतलं आणि बर्फ कैलासावरून आणला असावा, एवढं तर समजून घेता येतं. राहता राहिली साडी. (तीही बेताचीच आहे, पण ते मी मास्तरांना सांगितलेलं नाही.) मी मास्तरांना विचारलं, "अर्धनारीनटेश्वराचं चित्र तुमच्या देवघरात कोणत्या भिंतीवर आहे?" ते म्हणाले, "पूर्वेच्या." मी म्हटलं, "आणि विष्णूने मोहिनी होऊन असुरांना फसवलं, तेव्हा कोणी फिर्याद केली होती?" मास्तर म्हणाले, "असुरांनी." मुद्दा त्यांचा होता, पण टाळ्या मला पडल्या.

खरं तर हा वाद मालवणी मुलखात व्हायलाच नको. जिथे गावोगावच्या जत्रांत रात्ररात्र दशावतार रंगतो, जिथे पुरुष नेसून-माळून अशी द्रौपदी उभी करतो की पुढे बसलेल्या बाया डोळ्याला पदर लावतात, तिथल्या माणसाने सोंगाला भ्यावं? आणि दशावतार चालतो कसा, ते आठवा. लिहिलेलं नाटक नाही. खेळापूर्वी आख्यान ठरतं, कोणी कोण व्हायचं ते वाटून दिलं जातं. तोंड प्रत्येक जण आपलं आपण रंगवतो. रात्री गणपती येतो, सरस्वती येते, वेद पळवणारा संकासुर येऊन मालवणीत टोपी उडवतो. मग आख्यान लागतं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य नट उभ्या उभ्या रचतो. समोरच्याने अनपेक्षित बाण टाकला, तर आपल्या भात्यातला काढायचा. कथा ठरलेली, बोलणं आपलं.

अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक, चोर असं एकेक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे आणि आपापली वाक्यं आपण बोलायची. संगणकावरचे आणि मोबाइलवरचे असले सगळे खेळ त्या खेळाची नातवंडं आहेत. जगाने याला मोठा शोध म्हटलं. आमच्याकडे तो पेटाऱ्यात बांधून बैलगाडीने गावोगाव फिरत होता. त्याला कोणी शोध म्हटलं नाही. धयकालो म्हटलं आणि पहाटे दही वाटून सगळे घरी गेले.

मास्तरांचा पुढचा मुद्दा वेळेचा. "किती तास फुकट घालवतो!" हे म्हणणारे मास्तर संध्याकाळी सहाला पत्ते घेऊन बसतात आणि त्यांना जेवायला उठवण्यासाठी घरातून तीन निरोप यावे लागतात. 1987 साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा दर रविवारी सकाळी सारा देश दार लावून आत बसत होता. दोन बाण आकाशात समोरासमोर येऊन तब्बल मिनिटभर एकमेकांकडे बघत राहत आणि आपण त्या दोघांकडे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानात 'फायनल फँटसी'चा पहिला भाग आला. तिकडची पोरं बाण सोडत होती, इकडचे आपण ते पाहत होतो. यात जास्त फुकट कोणी घालवलं, याचा निवाडा मी कोर्टावर सोडतो.

मग हिंसा. "सारखी मारामारी!" म्हणे. ज्या संस्कृतीत भीम दुःशासनाची छाती फोडतो आणि ते आख्यान आजी नातवाला भात भरवताना सांगते, त्या संस्कृतीतल्या माणसाने हिरव्या रंगाच्या चार टिंबांचा बेडूक मेला म्हणून हळहळावं?

मग आयतेपणा. "बटण दाबलं की सगळं मिळतं." इथे मात्र मास्तर सपशेल चुकले. या खेळात काहीही आयतं मिळत नाही. पुढचा राक्षस मोठा असेल तर आधी शंभर लहान राक्षस मारून अंगात बळ आणावं लागतं. पोरं याला 'ग्राइंडिंग' म्हणतात. म्हणजे दळण! आमच्या आज्या पहाटे उठून जात्यावर बसत, तेच. पीठ हळूहळू पडतं. मूळ खेळात तर शेवटच्या मनोऱ्यात खूण ठेवायची सोयही नव्हती. तासन् तास चढून शेवटी हरलात, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हापूसचं कलम लावून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या आणि ऐन मोहोरात अवकाळी पाऊस सोसणाऱ्या माणसाला याहून ओळखीचा खेळ कुठला?

एवढं म्हटल्यावर एक कबुली दिलीच पाहिजे, नाहीतर वकील खोटा ठरेल. मोबाइलवरचे सगळेच खेळ असे नसतात. काही खेळ पोराला आधी फुकटात बोलावतात आणि मग नशिबाच्या पेट्या उघडायला लावून बापाच्या खिशात हात घालतात. त्यांना शेवट नसतो, कारण शेवट झाला तर गल्ला बंद. त्यांची बाजू मी घेणार नाही, ते मास्तरांनी खुशाल फाशी द्यावेत. माझी कसोटी सोपी आहे. दशावताराला पहाट असते, गोष्टीला शेवट असतो. ज्याला संपण्याची लाज वाटत नाही तो खेळ, जो संपतच नाही तो जुगार. जेवताना फोन बाजूला, हा नियम आमच्या घरीही आहे. तो नातवाने कधी मोडलेला नाही. मोडला तो मी, क्रिकेटच्या वेळी.

पण बचावाचा माझा खरा साक्षीदार वेगळाच आहे. या खेळात गावात शिरलं की प्रत्येक माणसाशी बोलावं लागतं. विहिरीवरच्या म्हातारीला कुठल्या तरी गुहेची वाट ठाऊक असते. तिला टाळलंत तर पुढे जाता येत नाही. शिवाय मडकी-बिडकी दिसली की आत बघायचं, काही दडवलेलं असतं. चौथ्या दिवशी नातवाने ही विद्या कुणकेश्वरात लागू केली. आधी मास्तरीणबाईंची हाक ऐकू आली, "लोणच्याच्या बरणीत काय शोधतंस रे झिला?" मग तो गावभर फिरला. जाळं विणणाऱ्याला गाठी विचारल्या. आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या बायांना विचारलं, गवत आधी की आंबा आधी. दहा वर्षं दर सुट्टीत येणारा हा मुलगा पहिल्यांदाच गावाशी बोलत होता.

ओहोटीला त्याला किनाऱ्यावर घेऊन गेलो. पाणी मागे हटलं की खडकांवर कोरलेली शिवलिंगं उघडी पडतात. तिथे बसून त्याला इथली जुनी गोष्ट सांगितली. एका परमुलखातल्या मुसलमान व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडलं. काळोखात किनाऱ्यावर दिवा दिसला. तो म्हणाला, वाचलो तर इथल्या देवाचं देऊळ बांधीन. वाचला. बांधलं. आणि मग, सांगतात, त्याने त्याच शिखरावरून उडी टाकली. देवळाजवळ त्याची कबर दाखवतात.

ही गोष्ट मी आयुष्यभर ऐकत आलो. वादळ, दिवा, देऊळ, नमस्कार. नातवाने विचारलं, "पण मग तो घरी का नाही गेला?"

मी म्हटलं, "परक्या देवाचं देऊळ बांधल्यावर आपली माणसं घरात घेणार नाहीत, असं त्याला वाटलं म्हणे."

तो बराच वेळ शिखराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सगळं बरोबर केलं, तरी हरला."

सत्तर वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. कारण मी ती गोष्ट ऐकली होती. त्याने तो व्यापारी होऊन पाहिलं. असल्या खेळांचं सारं आकर्षण इथे आहे आणि मला मास्तरांना एवढंच सांगायचं आहे. दुसरा कोणी होऊन बघण्याची सवय ही वाया जाण्याची खूण नव्हे. ती नसलेली माणसंच अधिक वाया गेलेली मी पाहिली आहेत. कचेरीत माझ्या वरच्या जागांवर तीच होती.

हे इतक्या तावातावाने का बोलतो, तेही सांगून टाकतो. 1968 साली मी तेरा वर्षांचा होतो. जत्रेला आलेल्या दशावताऱ्यांचा एक पोरगा तापाने फणफणला आणि रिद्धीच्या सोंगाला कोणी मिळेना. माझा आवाज बरा होता. मालकांनी मला विचारलं. मी धावत घरी आलो. वडील म्हणाले, "तोंडाक रंग लावलंस तर ह्या घराची पायरी चढू नको." मी हात-पाय धुऊन अभ्यासाला बसलो. पुढे छत्तीस वर्षं कारकुनी केली. एकच टेबल, एकच सोंग. वडील वाईट नव्हते. त्यांना माझी काळजी होती. मास्तरांनाही नातवाची आहे, म्हणून तर भीती वाटते.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री नातवाने नवा डाव मांडला. त्या चार मुलांची नावं आपण ठेवायची असतात. एकाला त्याने माझं नाव दिलं. पुढे या खेळात प्रत्येकाला काम निवडता येतं, वाटेल तेव्हा बदलताही येतं. योद्धा, चोर, मांत्रिक, पंडित, अशी बावीस कामं आहेत. त्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय व्हायचंय?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. अर्जात सुद्धा 'सध्याचा हुद्दा' एवढाच रकाना असे.

मी म्हटलं, "गवई आहे का?"

"आहे, पण तो उशिरा मिळतो. आणि लढाईत फारसा कामाचा नसतो."

"असू दे," मी म्हटलं. "उशिराच मिळू दे."

रात्री एकपर्यंत आम्ही दोघांनी राक्षस मारले. सकाळी सौ.ने उठवून हातात पिशवी दिली आणि मासे आणायला पिटाळलं. दशावतारी नटांबद्दल आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. वाटेत मास्तर भेटले. माझे तांबडे डोळे पाहून म्हणाले, "काय, रात्री झोप नाही वाटतं?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हटलं, "नाही. जत्रेला गेलो होतो."