खेळ यंत्रात नसतो

व्हिडिओ गेमचे नाव काढले, की घरात लगेच दोन पक्ष पडतात. मुलांना गेम हवा असतो, मोठ्यांना तो नको असतो. मोठी माणसे म्हणतात, "डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो." मुले म्हणतात, "थोडाच वेळ खेळतो." हे भांडण जुने आहे आणि ते लवकर मिटेल असे दिसत नाही. मी आज त्यात पडणार नाही. मला स्वतःला व्हिडिओ गेम फार आवडतात, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणूनच गेम खेळणाऱ्या माझ्या छोट्या दोस्तांशी मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे.

अलीकडे मुलांच्या बोलण्यात खेळापेक्षा यंत्राचीच चर्चा जास्त असते. "तुझ्या मोबाइलची रॅम किती? चित्र किती स्वच्छ दिसते? गेम अडकत तर नाही ना?" ज्याच्या हातात भारी फोन, तो मोठा खेळाडू. ज्याच्या हातात जुना फोन, तो बिचारा मागे बसून नुसता बघणारा. मग घरी हट्ट सुरू होतो. "अब्बा, मला नवा फोन हवा. यावर गेम नीट चालत नाही." अब्बा कसेबसे हप्ते बांधून फोन आणतात. हप्ते फिटतात न फिटतात तोच आणखी नवा फोन बाजारात येतो. मग तोही फोन जुना वाटू लागतो आणि हट्ट पुन्हा सुरू होतो.

मला वाटते, इथे काहीतरी चुकते आहे. चांगला खेळ यंत्रात नसतो. तो खेळ रचणाऱ्याच्या डोक्यात असतो. हे मी उगाच म्हणत नाही. व्हिडिओ गेमचा इतिहासच तसे सांगतो.

'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ पाहा. जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांनी तो १९७८ साली तयार केला. त्यात परग्रहावरचे ५५ शत्रू अकरा-अकरांच्या पाच रांगा करून खाली उतरत येतात. त्या काळच्या यंत्राला एवढी चित्रे हलवताना दम लागत असे. म्हणून शत्रू सावकाश सरकत. पण खेळाडू एकेका शत्रूला पाडू लागला, की यंत्राचे ओझे कमी होई. मग उरलेले शत्रू भराभर पळू लागत. खरे तर हा यंत्राचा दुबळेपणा होता. निशिकादो यांनी मात्र तो तसाच ठेवला. त्यामुळे खेळ जसजसा पुढे जाई, तसतशी खेळणाऱ्याची छाती धडधडू लागे. यंत्राच्या दोषातूनच खेळाची खरी गंमत निर्माण झाली.

आता 'मारिओ'ची गोष्ट ऐका. त्याची टोपी आणि जाड मिशी तुम्ही पाहिलीच असेल. १९८१ साली 'डाँकी काँग' या खेळात तो पहिल्यांदा दिसला. शिगेरू मियामोतो यांना त्याचे चित्र थोड्याशा ठिपक्यांत बसवायचे होते. तेवढ्या जागेत केस नीट दिसत नव्हते, म्हणून त्यांनी डोक्यावर टोपी घातली. तोंड दाखवता येत नव्हते, म्हणून मिशी लावली. पुढे १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ आला. हा संपूर्ण खेळ फक्त ४० किलोबाइट जागेत मावला. आज मोबाइलने काढलेला एक साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट जागा घेतो. जागा वाचवण्यासाठी त्यात एक मजेदार युक्ती केली होती. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्र एकच आहे. रंग पांढरा दिला, की तो ढग होतो. रंग हिरवा दिला, की तेच झुडूप होते. लाखो मुलांनी हा खेळ खेळला, पण ही युक्ती फार थोड्यांच्या लक्षात आली.

माझे सर्वांत आवडते उदाहरण 'टेट्रिस'चे आहे. १९८४ साली मॉस्को शहरात अलेक्सी पाझितनोव हे एका संशोधन संस्थेत काम करत होते. त्यांच्याजवळच्या संगणकाच्या पडद्यावर चित्र काढण्याची सोयच नव्हती. त्यावर फक्त अक्षरे आणि चिन्हे उमटत. म्हणून ते हात जोडून बसले नाहीत. त्यांनी कंसाची चिन्हे शेजारी-शेजारी ठेवून चौकोन बनवले आणि त्या चौकोनांचा खेळ रचला. चार चौकोन एकमेकांना जोडले, तर किती वेगवेगळे आकार तयार होतात? चौकटीच्या वहीवर करून पाहा. आरशात दिसणारा उलटा आकार वेगळा धरला, तर बरोबर सात आकार होतात. हे सात आकार वरून खाली पडतात आणि आपण ते रांगेत बसवायचे. बस, एवढाच खेळ! त्यात राजा नाही, राक्षस नाही, बंदूक नाही. तरीही तो जगभर पसरला. १९९० नंतरच्या काळात आपल्याकडच्या बाजारांत आणि जत्रांतही हातात मावणारे 'ब्रिक गेम' मिळू लागले. त्यांत हाच खेळ असे. आज चाळीस वर्षांनंतरही तो खेळला जातो.

आणखी एक गोष्ट सांगतो. १९८९ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'गेम बॉय' नावाचे छोटे यंत्र विकायला काढले. ते गुनपेई योकोई यांच्या देखरेखीखाली तयार झाले होते. त्याचा पडदा रंगीत नव्हता. हिरवट पडद्यावर फक्त चार छटा दिसत. त्याच सुमारास दुसऱ्या कंपन्यांनी रंगीत पडद्याची यंत्रे आणली. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपून जात. गेम बॉय मात्र चार सेलवर दहा तासांपेक्षा जास्त चालत असे. शिवाय ते स्वस्त होते आणि हातातून पडले तरी सहसा बिघडत नसे. योकोई यांचे म्हणणे असे होते, की जे तंत्र जुने, स्वस्त आणि भरवशाचे झाले आहे, त्याचाच नव्या रीतीने उपयोग करावा. शेवटी कोण जिंकले? गेम बॉय आणि पुढे निघालेला त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांपेक्षा जास्त यंत्रे विकली गेली.

कोणी म्हणेल, "मग काय, नवे तंत्रज्ञान निरुपयोगी आहे?" नाही, असे मी म्हणत नाही. नव्या यंत्रांमुळे दूरच्या शहरातल्या भावाबरोबर घरबसल्या खेळता येते. काही नव्या खेळांत आवाजाच्या खुणा असतात. त्यांच्या मदतीने ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, तेही खेळू शकतात. ही फार मोठी गोष्ट आहे. पण जरा विचार करा. ही सोय यंत्राला सुचली का? नाही. "न दिसणाऱ्या माणसालाही खेळता आले पाहिजे," हे कोणातरी माणसाला सुचले. यंत्राने फक्त त्याचे काम केले.

आपल्या जुन्या खेळांतही हेच दिसते. लगोरीला काय लागते? सात चपटे दगड आणि एक चेंडू. बुद्धिबळाला तुम्ही उर्दूत शतरंज म्हणता. हा शब्द 'चतुरंग' या संस्कृत शब्दापासून फारसीत गेला आणि तिथून उर्दूत आला. या खेळाला ६४ घरांचा पट आणि ३२ मोहरे पुरतात. पट चांदीचा असो की पुठ्ठ्याचा, घोडा अडीच घरेच चालतो! गरिबाच्या पटावरचा वजीर श्रीमंताच्या पटावरच्या वजिरापेक्षा दुबळा नसतो. मग मोबाइलच्या बाबतीतच आपण हे का विसरतो?

यंत्र विकणाऱ्यांना आपण विसरलेले हवे असते, हे त्याचे एक कारण आहे. जुन्या यंत्रावर आपण समाधानी राहिलो, तर नवे कोण घेणार? म्हणून जाहिरात सारखी सांगत राहते, की तुमच्याजवळ आहे ते कमी आहे. हळूहळू मुलांना वाटू लागते, की आपण स्वतःच काहीतरी कमी आहोत. मला सर्वांत जास्त चिंता याचीच वाटते. फोन जुना असणे ही काही लाजेची गोष्ट नाही. आईवडिलांच्या कष्टाचा पैसा केवळ मित्रांत मिरवण्यासाठी उडवणे, ही मात्र नक्कीच विचार करण्याची गोष्ट आहे.

तेव्हा मित्रांनो, गेम जरूर खेळा. वेळेचे भान ठेवून खेळा. पण खेळताना स्वतःला काही प्रश्न विचारा. हा खेळ मला का आवडतो? यातला नियम कोणता? तो थोडा बदलला तर काय होईल? असे प्रश्न पडू लागले, की तुम्ही नुसते खेळणारे राहत नाही. खेळ रचणारे होऊ लागता. त्यासाठी पहिल्या दिवशी संगणकही लागत नाही. चौकटीचा कागद, पेन्सिल, चार चिंचोके आणि एक दोस्त पुरे. पुढे शाळेच्या संगणकावर 'स्क्रॅच' शिकता येईल. मुलांना स्वतःचे खेळ बनवता यावेत म्हणून ते २००७ साली खुले करण्यात आले. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यासाठी फार भारी संगणकही लागत नाही.

पाझितनोव यांच्याजवळ चित्रे नव्हती, तर त्यांनी कंसांतून खेळ उभा केला. आपल्याजवळ काय नाही, याची यादी करत बसलो तर ती कधीच संपणार नाही. आपल्याजवळ काय आहे आणि त्यातून काय करता येईल, हे पाहणारा माणूसच नवे काहीतरी घडवतो. उद्याचा एखादा सुंदर खेळ मालेगावच्या किंवा भिवंडीच्या एखाद्या मुलीच्या वहीतूनही निघू शकेल. ती वही किती महाग होती, हे तेव्हा कोणीही विचारणार नाही.