अलियान्झ बाहेर पडली, पण 'बजाज फिनसर्व्ह'च्या छोट्या शेअरहोल्डरला नेमकं काय मिळालं?

दौलताबादच्या किल्ल्यापासून वाळूज एमआयडीसी काही फार लांब नाही. १९८५ मध्ये तिथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या अनेक घरांचं 'बजाज'शी नातं जुळलं. कुणाच्या घरात नोकरी आली, कुणाच्या दारात स्कूटर, तर कुणाच्या कपाटात शेअर.

याच नावाभोवती मार्च २०२५ पासून एक हिशेब फिरतोय. 'बजाजने विमा कंपन्यांमधला अलियान्झचा २६ टक्के हिस्सा विकत घेतला. म्हणजे बजाज फिनसर्व्हचा वाटा ७४ वरून १०० टक्के झाला. म्हणजे आपला शेअर वाढणार!'

ऐकायला बरोबर वाटतं. पण या हिशेबात एक मोठी चूक आहे, आणि ज्यांनी याच भरवशावर बचतीचे पैसे लावले त्यांना ती महागात पडू शकते.

नेमकं प्रकरण काय?

२००१ मध्ये बजाज समूह आणि जर्मनीची अलियान्झ कंपनी यांनी मिळून भारतात विमा व्यवसाय सुरू केला. आयुर्विमा आणि जनरल इन्शुरन्स अशा दोन कंपन्या. दोन्हींमध्ये बजाजचे ७४ टक्के, अलियान्झचे २६ टक्के.

१७ मार्च २०२५ ला ही २४ वर्षांची भागीदारी संपवण्याचा करार झाला. किंमत ठरली सुमारे २४,१८० कोटी रुपये. त्यातले १३,७८० कोटी जनरल इन्शुरन्समधल्या हिश्श्याचे आणि १०,४०० कोटी आयुर्विमा कंपनीतल्या हिश्श्याचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या नावातून 'अलियान्झ' गेलं. जानेवारी २०२६ मध्ये पहिल्या टप्प्यात २३ टक्के हिश्श्याचा व्यवहार २१,३९० कोटींना पूर्ण झाला आणि बजाज समूहाचा एकूण वाटा ९७ टक्क्यांवर गेला.

आता 'समूहाचा' हा शब्द नीट लक्षात ठेवा. सगळी गोम त्यातच आहे.

२६ टक्के कोणी घेतले?

करारानुसार २६ टक्क्यांची वाटणी अशी ठरली:

- बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट: सुमारे १९.९५ टक्के
- जमनालाल सन्स (समूहाची खासगी कंपनी): सुमारे ५.०४ टक्के
- बजाज फिनसर्व्ह: सुमारे १.०१ टक्के

म्हणजे ज्या कंपनीच्या शेअरवर एवढी चर्चा झाली, तिचा वाटा ७४ वरून फक्त ७५.०१ टक्के होणार. १०० टक्के व्हायचं ठरलं ते समूहाचं, फिनसर्व्हचं नाही.

असं का? फिनसर्व्हकडे दोन्ही कंपन्यांचं नियंत्रण आधीपासूनच होतं. सगळा हिस्सा तिनेच घ्यायचा म्हटलं तर २४ हजार कोटी उभे करावे लागले असते. त्यासाठी कर्ज काढा, नाहीतर नवे शेअर विका. नवे शेअर विकले की जुन्या शेअरहोल्डरचा वाटा पातळ होतो. बजाज होल्डिंग्ज मात्र मुळात गुंतवणूक करणारीच कंपनी आहे.

होल्डिंग कंपनी म्हणजे काय?

दौलताबादच्या किल्ल्याला एकच तट नाही. बाहेर अंबरकोट, आत महाकोट, त्याच्या आत काळाकोट आणि मग बालेकिल्ला. अंबरकोटाच्या आत आलो म्हणजे बालेकिल्ल्यावर पोहोचलो, असं होत नाही.

होल्डिंग कंपनीचंही तसंच. फिनसर्व्ह स्वतः विमा पॉलिसी देत नाही. ती विमा कंपन्यांचे शेअर धरून ठेवते. तुमच्याकडे फिनसर्व्हचा शेअर असेल तर तुम्ही विमा कंपनीचे थेट मालक नसता, मालकाच्या कंपनीत भागीदार असता. त्याच्याही बाहेर आणखी एक तट आहे. फिनसर्व्हमध्येच सुमारे ३९ टक्के वाटा बजाज होल्डिंग्जचा आहे.

१०० शेअरचा हिशेब

अलियान्झने २६ टक्के २४,१८० कोटींना विकले. त्या भावाने दोन्ही विमा कंपन्यांची पूर्ण किंमत होते ९३,००० कोटी. त्यातले फिनसर्व्हचे ७४ टक्के म्हणजे सुमारे ६८,८०० कोटी.

फिनसर्व्हचे एकूण शेअर साधारण १६० कोटी. भागाकार केला की एका शेअरमागे विमा व्यवसायाचे येतात सुमारे ४३० रुपये. करार झाला तेव्हा शेअरचा भाव १,८०० ते १,९०० रुपयांच्या दरम्यान होता.

मग उरलेले पैसे कशाचे? मुख्यतः बजाज फायनान्सचे. मोबाइल, फ्रिज हप्त्यावर देणाऱ्या या कंपनीत फिनसर्व्हचा ५१ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा आहे. म्हणजे 'विम्याचा शेअर' म्हणून घेतलेला हा कागद जास्त करून कर्जाच्या धंद्यावर चालतो. रिझर्व्ह बँकेचे नियम, व्याजदर, थकलेले हप्ते यांचा परिणाम त्यावर विम्याच्या बातमीपेक्षा जास्त होतो.

आता व्यवहाराचा फायदा बघू. फिनसर्व्हने पूर्ण २६ टक्के घेतले असते तर १०० शेअरमागे सुमारे १५,१०० रुपयांचा विमा व्यवसाय जोडला गेला असता. प्रत्यक्षात १.०१ टक्क्याच्या हिशेबाने १०० शेअरमागे वाढ होते सुमारे ५९० रुपयांची. आणि तेवढेच पैसे कंपनी खिशातून मोजणार. म्हणजे त्या दिवशीपुरता हिशेब बरोबरीचा.

भाव बेरजेपेक्षा कमी का?

त्या वेळच्या बाजारभावाने बजाज फायनान्समधला वाटा आणि विम्याचे ४३० रुपये यांची बेरीज केली तर ती फिनसर्व्हच्या भावापेक्षा जास्त भरत होती. 'म्हणजे शेअर स्वस्त आहे', असं अनेकांना वाटतं.

पण होल्डिंग कंपनीला बाजार बहुतेक वेळा बेरजेपेक्षा कमी भाव देतो. कारण आतली संपत्ती शेअरहोल्डरला विकून हातात घेता येत नाही. विमा कंपनीला सगळा नफा वर पाठवता येत नाही, दाव्यांसाठी पुरेसं भांडवल राखावंच लागतं. २०२४-२५ साठी फिनसर्व्हचा लाभांश होता शेअरमागे १ रुपया. १०० शेअर असतील तर वर्षाचे १०० रुपये. ही सूट वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. फक्त बेरीज जास्त दिसते म्हणून घाई करण्यात अर्थ नाही.

मग चांगलं काहीच नाही का?

आहे. कोणती विमा योजना आणायची, ती कुणामार्फत विकायची, पैसा कुठे लावायचा, हे निर्णय आता परदेशी भागीदाराशिवाय घेता येतील. पण तोच भागीदार दुसऱ्या दाराने परतही येतोय. अलियान्झने जुलै २०२५ मध्ये जिओ फायनान्शियलसोबत पुनर्विमा व्यवसायासाठी निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार केला. आयुर्विमा आणि जनरल इन्शुरन्ससाठीही दोघांची प्राथमिक बोलणी झाली. त्यामुळे खरा फायदा किती, हे येत्या काही वर्षांच्या नफ्यातच दिसेल.

आणि तुम्ही शेअरहोल्डर नसून पॉलिसीधारक असाल तर? मालक बदलला म्हणून पॉलिसी बदलत नाही. करार विमा कंपनीशी असतो, तो तसाच राहतो.

कपाटातला जुना कागद

ज्या घरांत २००८ च्या आधीचे बजाज ऑटोचे शेअर आहेत त्यांनी इथे थांबावं. त्या वर्षी जुन्या बजाज ऑटोचं विभाजन झालं. एका जुन्या शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला. जुनी कंपनी म्हणजेच आजची बजाज होल्डिंग्ज. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये स्प्लिट आणि बोनस मिळून फिनसर्व्हच्या एका शेअरचे दहा झाले.

म्हणजे वडिलांच्या नावावरच्या एका कागदामागे आज तीन कंपन्या असू शकतात, आणि त्यातलीच एक आहे २६ पैकी १९.९५ टक्के घेणारी. सलग ७ वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. ते अर्ज करून, कागदपत्रं देऊन परत मागता येतात.

तेव्हा पुढच्या वेळी 'समूहाने हिस्सा घेतला' अशी बातमी आली, की भाव बघण्याआधी एकच प्रश्न विचारा: समूहातल्या कोणत्या कंपनीने? आणि माझ्या डीमॅट खात्यात आहे तो शेअर कोणत्या कंपनीचा?