सुट्टीवर आलेल्या जवानाला झोप लागते का?

तुमच्या नात्यात किंवा शेजारी कुणी फौजी आहे का? असेल तर जरा आठवून बघा, तो सुट्टीवर आला की आपण त्याला काय काय विचारतो. पोस्टिंग कुठे आहे? थंडी किती असते? कॅन्टीनमधून काय आणलंस? आणि चहा पिता पिता एखादे काका हमखास विचारतात, "मग, किती जणांना उडवलंस?" सगळे हसतात. तोही हसतो. थोड्या वेळाने उठतो आणि एकटाच अंगणात जाऊन उभा राहतो.

आज त्या अंगणात उभ्या असलेल्या मुलाबद्दल बोलूया. हो, मुलाबद्दलच. कारण वय बघितलं तर तो मुलगाच असतो.

१९९९ चं कारगिल युद्ध घ्या. आपल्याकडे दरवर्षी २६ जुलैला विजय दिवस साजरा होतो, स्टेटसवर तिरंगा लागतो. त्या युद्धात भारताचे ५२७ जवान शहीद झाले आणि तेराशेहून अधिक जखमी झाले. आता काही वयं वाचा. कॅप्टन विक्रम बत्रा, २४. कॅप्टन मनोजकुमार पांडे, २४. कॅप्टन विजयंत थापर, २२. टायगर हिलवर चढणारे ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव तर अवघे १९ वर्षांचे होते. मी स्वतः पंचविशीत आहे. या वयात माझ्या मित्रमैत्रिणींची मोठी काळजी म्हणजे नोकरी टिकेल का आणि घरभाडं कसं भरायचं. या मुलांना रात्रीच्या अंधारात, पंधरा-सोळा हजार फुटांवर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत उभा कडा चढायचा होता आणि वर शत्रू बंदूक रोखून बसलेला होता.

विजयंत थापर यांनी शेवटच्या चढाईआधी घरी एक पत्र लिहून ठेवलं होतं. आपण परत आलो नाही तर ते घरी पोहोचावं, म्हणून. त्यात त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली होती : काश्मीरमधल्या एका लहान मुलीला ते दरमहा पन्नास रुपये देत असत, ते देणं घरच्यांनी चालू ठेवावं. विचार करा, बावीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या मरणानंतरचा हिशेब नीट लावून मग लढायला निघतो. आपण याला शौर्य म्हणतो आणि ते आहेच. पण त्या पत्रावर सही करताना त्याच्या पोटात काय कालवलं असेल, हे आपण सहसा मनात येऊ देत नाही.

जे परत येतात, त्यांचं काय?

शहिदांची नावं रस्त्यांना दिली जातात, चौकात पुतळे उभे राहतात. जे जिवंत परत येतात, त्यांची गोष्ट मात्र "नशीबवान आहे, वाचला" एवढ्यावर संपते.

योगेंद्रसिंह यादव यांचंच बघा. अंगात अनेक गोळ्या घुसलेल्या, आजूबाजूला आपलेच साथीदार मरून पडलेले, आणि ते जिवंत होते. परमवीरचक्र जाहीर झालं तेव्हा आधी तर ते मरणोत्तर असल्याचंच सांगितलं गेलं. ते रुग्णालयात उपचार घेत असल्याचं मागाहून लक्षात आलं. एकोणिसाव्या वर्षी एखादा मुलगा एवढं सगळं बघतो. त्या रात्रीचं ओझं तो कुठे ठेवत असेल?

युद्ध संपलं म्हणून शरीराला ते लगेच कळत नाही. कारगिलमध्ये तोफांनी सुमारे अडीच लाख गोळे डागले. ते आवाज आठवडेच्या आठवडे ऐकलेल्या माणसाच्या घरासमोर दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की काय होत असेल? छातीत धडधड, तळव्यांना घाम, क्षणभर आपण कुठे आहोत हेच न कळणं. रात्री दचकून जागं होणं. गर्दीत पाठ भिंतीला लावूनच बसणं. बारीकसारीक गोष्टींवर भडकणं, किंवा उलट, कशाचंच काही न वाटणं. मुलीच्या वाढदिवसालासुद्धा मन कोरडं राहणं. आणि सगळ्यांत खोल टोचणी ही, की तो गेला आणि मी का वाचलो?

याला डॉक्टरी भाषेत 'पीटीएसडी' म्हणतात. हा आजार आहे. यात भित्रेपणा कुठेच नाही. पण हे मान्य करायला जगालाही फार वेळ लागला. पहिल्या महायुद्धात कुठेही जखम नसलेले सैनिक थरथर कापत, कित्येकांची वाचा जाई. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं आणि 'शेल शॉक' हा शब्द रूढ झाला. तरी त्याच महायुद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश फौजेने आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले कितीतरी विशीतले होते. त्यांना माफी मिळाली ती थेट २००६ साली. 'पीटीएसडी' हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या तरुणांचे हाल बघितल्यानंतर.

तो बोलत का नाही?

कारण आपण त्याला 'वाघ' म्हणतो. वाघाने रडायचं नसतं, अशी आपली समजूत. आई काळजी करेल, बायको घाबरेल, युनिटमध्ये कळलं तर लोक काय म्हणतील, बढती अडकेल, अशा सगळ्या भीतींचं कुलूप त्याच्या तोंडाला लागलेलं असतं. मग एक तर तो गप्प राहतो, नाहीतर पेला जवळ करतो.

अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. त्यात साडेसतरा वर्षांची मुलंही भरती होऊ शकतात आणि चार वर्षांनंतर एक चतुर्थांशपर्यंतच मुलांना पुढे कायम केलं जातं. म्हणजे उरलेली मुलं विशीतच घरी परत येणार. त्यांच्या नोकरीची चर्चा घराघरांत होते, व्हायलाच हवी. पण त्या चार वर्षांत त्यांनी काय पाहिलं, याची चौकशी कुणी करायची? ती घरालाच करावी लागेल.

घरच्यांनी काय करावं?

आल्या दिवशीच पाहुण्यांची रांग लावू नका. दोन दिवस त्याला नुसतं झोपू द्या, आईच्या हातचं खाऊ द्या. "किती मारले?" हा प्रश्न घरात कुणालाही विचारू देऊ नका, काकांनासुद्धा. "तिकडे तुझा जवळचा मित्र कोण आहे?" असं विचारून बघा, बोलणं तिथून सुरू होऊ शकतं. तो बोलायला लागला तर मध्येच "अरे, विसर आता" म्हणू नका. ऐकून घ्या. तो बोलला नाही, तरी त्याच्याबरोबर संध्याकाळी एक फेरी मारून या.

झोप उडालेली, दारू वाढलेली, चिडचिड किंवा एकलकोंडेपणा महिनाभर टिकलेला दिसला, तर डॉक्टरांकडे जाण्याबद्दल मोकळेपणाने बोला. जगण्यात अर्थ नाही असं तो म्हणाला, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा खास कक्षही सुरू झाला. कुटुंबीयांसाठीही, हे लक्षात घ्या. कारण रात्री तो दचकून उठतो तेव्हा शेजारी त्याची बायकोही जागीच असते.

मे २०२५ मधले ते चार दिवस तुम्हालाही आठवत असतील. ड्रोन, सायरन, ब्लॅकआऊट. आपल्या फोनवर मात्र धडाधड रील्स येत होती, "घुसून मारा" म्हणणारी, मागे जोशपूर्ण संगीत लावलेली. त्याच वेळी हजारो घरांत एखादी आई फोन हातात धरून बसली होती आणि तिच्या मुलाचा फोन लागत नव्हता. देशाचं रक्षण करायलाच हवं, त्यासाठी लढावं लागलं तर ही मुलं लढतीलच. पण त्याची किंमत कोण मोजतं, हे आपण सोफ्यावर बसून फॉरवर्ड करणाऱ्यांनी विसरू नये.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी जवान सुट्टीवर आला, तर शाबासकी जरूर द्या. आणि सगळे पांगल्यावर त्याच्याजवळ बसून हळूच विचारा, "बाळा, झोप लागते का रे नीट?"

उत्तर यायला वेळ लागेल. तोवर उठू नका.