त्रेपन्न बरोबर चौपन्न उणे एक

धुळ्यास दिलेली आमची धाकटी कन्या दिवाळीसाठीं जळगांवीं माहेरीं आली, त्या दिवशीं तिचें ताट निराळें मांडलेलें आम्हीं पाहिलें. कंठग्रंथीच्या विकारावर तिनें मुंबईस किरणोत्सारी आयोडिनाची मात्रा घेतली होती. कांहीं दिवस भांडीं वेगळीं ठेवावीं, लहान मुलांस जवळ घेऊं नये, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. ती मुदत केव्हांच सरली होती. मात्रेस ८० दिवस होऊन गेले होते. तरी आमच्या वडील भगिनी आक्का यांचें म्हणणें, "अंगांत शिरलेलें तें जाणार कोठें?" आणि खरें सांगावयाचें तर, तान्ह्या नातीस तिच्या मांडीवर देऊं नका, असें सूनबाईंस सांगणारे आम्हींच.

आक्कांचा प्रश्न आम्हीं बारावींतील नातवापुढें ठेवला. त्यानें समीकरण मांडावयास सांगितलें. आमचें रसायनशास्त्र मॅट्रिकपुरतें. तेथील दंडक असा कीं, डावीकडे जें मूलद्रव्य तेंच उजवीकडे आलें पाहिजे. म्हणून आम्हीं दोन्ही बाजूंस आयोडीनच लिहिलें. नातू हंसला. अणुगर्भाच्या समीकरणांत मूलद्रव्यच पालटतें. राखावयाच्या त्या बेरजा दोनच, एक वस्तुमानांकांची व दुसरी विद्युद्भाराची. आम्हांस आर्या आठवली. तिच्यांत अक्षरें कमीअधिक झालीं तरी चालतात, पण पूर्वार्धांत मात्रा ३० भरल्याच पाहिजेत.

आयोडिनाचा वस्तुमानांक १३१, अणुअंक ५३. त्याच्या गर्भांतील एका न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो व एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. हाच बीटा कण. (सोबत प्रतिन्यूट्रिनो निघतो, पण त्याचे दोन्ही अंक शून्य.) इलेक्ट्रॉनाचा वस्तुमानांक शून्य, भार उणे एक. आम्हीं घाईनें ५३ मधून एक वजा करून ५२ लिहिले; तें टेल्यूरियम झालें! उणे एक हा उजव्या बाजूस आहे, तेव्हां तेथें मोठा आंकडा हवा : ५३ = ५४ − १. वरची बेरीज १३१ = १३१ + ०. ५४ म्हणजे झेनॉन, एक निष्क्रिय वायु. १३१ वस्तुमानांकाचा झेनॉन स्थिर आहे. तो पुढें कशांत पालटत नाहीं.

आमचें चुकलेलें टेल्यूरियम मात्र अगदींच परकें नव्हतें. अणुभट्टींत टेल्यूरियम १३० नें एक न्यूट्रॉन गिळला कीं टेल्यूरियम १३१ होतें, व तें बीटा कण टाकून आयोडीन १३१ होतें : ५२ = ५३ − १. ट्रॉम्बे येथें हें आयोडीन तयार होतें, आणि परळ येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण चिकित्सा केंद्रांत १९६३ पासून अशा द्रव्यांनीं उपचार होत आले आहेत.

परंतु मेळ बसला म्हणून आक्कांचें समाधान थोडेंच होणार! काय होतें तें समीकरण सांगतें, केव्हां होतें तें सांगत नाहीं. शिवाय बीटा कणामागोमाग निघणारा गॅमा किरण बेरजेंत शून्य. आणि शेजारच्या माणसापर्यंत पोंचतो तो मुख्यतः तोच. मुलांस दूर ठेवावयाचें तें त्याच्यासाठीं. भांड्यांचें बंधन लाळेंतून येणाऱ्या आयोडिनासाठीं. काळाचा हिशेब अर्धायु सांगते. ह्या आयोडिनाची अर्धायु ८ दिवसांची. ८ दिवसांनीं निम्में, १६ दिवसांनीं चौथाई, आणि ८० दिवसांत दहा वेळां निम्में होऊन १०२४ वा भाग. बरेंचसें तर लघवीवाटे पहिल्या कांहीं दिवसांतच गेलेलें असतें, तें वेगळें.

आक्कांनीं बोटांवर दहा वेळां दुप्पट केली. १०२४ बरोबर आले. मग म्हणाल्या, "डॉक्टरांनीं मुदत घातली ती असाच हिशेब करून ना?"

"होय."

"मग इतकीं बुकें शिकवलेला तूं, तुला ती कां रे पटली नाहीं?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या उठल्या, निराळें मांडलेलें ताट उचलून पंगतींत ठेवलें, आणि नातीस आणावयास सूनबाईंस हांक मारली.