यंदा माणगड करा

दिवाळी आली की माणगावात अंगणोअंगणी रायगड उभा राहतो. २०२५ मध्ये खरा रायगड जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर मुलांचा उत्साह विचारू नका. विटांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर लाल माती, त्यावर अळीव. चार दिवसांत उतार हिरवे. पोरं रोज एकमेकांचे किल्ले बघून येतात, कलता बुरूज दाखवतात, गळतं टाकं लिंपायला बसतात. हे शिकणं मला फार मोलाचं वाटतं. पण तालुक्यातलाच, निजामपूरजवळचा माणगड मात्र अंगणात क्वचितच दिसतो. पालकांनो, सुट्टी लागताच मुलांना तिथे न्या. कातळात खोदलेली टाकी दाखवा, दरवाज्यापासूनचं अंतर पावलांनी मोजू द्या आणि यंदा त्याच प्रमाणात माणगड करा.