पहिली शर्यत

पोहणे ही आपल्याकडील जुनी कला आहे. खेड्यातील मुले पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत उतरतात आणि एका उन्हाळ्यात पोहायला शिकतात. तेथे त्यांना कोणी क्रमांक देत नाही. स्पर्धेचा तलाव मात्र निराळा असतो. तेथे आखलेल्या लेन असतात, पंच असतात, घड्याळे असतात आणि काठावर आशेने पाहणारी आपली माणसे असतात. आठ-दहा वर्षांचे मूल प्रथमच तेथे उभे राहते, तेव्हा त्याची खरी गाठ पाण्याशी नव्हे, तर भीतीशी पडते. म्हणूनच पहिल्या स्पर्धेची तयारी म्हणजे केवळ वेग वाढवणे नव्हे, असे मला वाटते.

भीती बहुधा अनोळखीपणातून जन्मते. स्पर्धेत काय घडणार हे आधीच ठाऊक असले, तर ती बरीचशी ओसरते. पंचांची लांब शिट्टी वाजली की चौथऱ्यावर चढायचे, पुढची सूचना मिळताच पवित्रा घेऊन निश्चल राहायचे आणि संकेत ऐकल्यावरच सूर मारायचा. संकेतापूर्वी झेप घेणारा स्पर्धक बाद होतो. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या प्रकारांत वळताना व शर्यत संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला टेकवावे लागतात. पाठीवर पोहताना भिंत दिसत नाही. म्हणून तिच्या अलीकडे ५ मीटरवर पताका बांधलेल्या असतात. पताका दिसल्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात पडतात, हे सरावातच मोजून ठेवावे लागते. या गोष्टी अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. आदल्या रात्रीच्या उपदेशाने त्या साधत नाहीत. त्या रात्री हवी ती पुरेशी झोप. स्पर्धेच्या दिवशी सवयीचा हलका आहार आणि वापरातलाच चष्मा असावा. नवे प्रयोग त्या दिवशी नकोत.

या संदर्भात २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमधील एक प्रसंग आठवतो. १०० मीटर मुक्तशैलीच्या प्राथमिक फेरीत तीनच स्पर्धक होते. त्यांतील दोघे संकेतापूर्वीच पाण्यात झेपावले आणि बाद ठरले. उरला तो इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकी देशाचा एरिक मुसांबानी. तो पोहायला शिकून वर्षही झाले नव्हते. एवढे अंतर पार करता करता तो पार थकून गेला. पण प्रेक्षकांच्या जयघोषात त्याने सुमारे १ मिनिट ५३ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. अपुऱ्या तयारीचे हाल या प्रसंगात दिसतात, हे खरे. परंतु संयम सुटला की सारी मेहनत वाया जाते आणि अखेरपर्यंत पोहत राहणाऱ्याला लोक मान देतात, हेही त्यातून दिसते. पुढे हाच मुसांबानी आपल्या देशाच्या जलतरण संघाचा प्रशिक्षक झाला.

काही पालक म्हणतील, ‘जग स्पर्धेचे आहे, मुलांना जिंकण्याची सवय लहानपणीच लागली पाहिजे.’ या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. जिद्द हवीच. पण शेजारच्या लेनमध्ये कोण पोहणार, हे मुलाच्या हाती नसते. एकाच वयोगटातील मुलांची शरीरेही सारख्या गतीने वाढत नाहीत. दहाव्या वर्षीच्या क्रमांकावरून पुढचे भाकीत करणे म्हणूनच अविचाराचे होय. मुलाच्या हाती असतात ते त्याचे नियमपालन, त्याचे श्वास आणि त्याची स्वतःची वेळ. जिद्द तेथे लावायला शिकवावी. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ मध्ये सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा त्याला पदक मिळाले नाही. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, ग्वांगझू येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत जलतरणातील पदक भारताला २४ वर्षांनी लाभले होते. बीजिंगनंतर तो पोहत राहिला, म्हणूनच हा दिवस उगवला.

तेव्हा पालकांवर एक मोठी जबाबदारी येते, आणि ती पार पाडण्यासाठी त्यांना स्वतःला पोहता येण्याची गरज नाही. मूल ओलेत्या अंगाने काठावर येते, तेव्हा त्याची नजर आधी आईवडिलांचा चेहरा शोधते. तेथे नाराजी दिसली, तर ती पाण्याच्या भीतीहून खोल रुतते. ‘कितवा आलास?’ हा प्रश्न थोडा वेळ थांबू शकतो. आधी खांद्यावर टॉवेल द्यावा आणि विचारावे, ‘आज काय जमले? काय राहून गेले?’ चुका दाखवण्याचे काम प्रशिक्षकांचे आहे. ते त्यांना दुसऱ्या दिवशी करू द्यावे.

पहिल्या शर्यतीचे यश कशात मोजावे? माझ्या मते, त्याची कसोटी एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल आपण होऊन तलावाकडे निघाले, तर त्याची पहिली स्पर्धा यशस्वी झाली. पदके पुढेही मिळवता येतात. पाण्यावरचे प्रेम एकदा आटले, तर ते परत आणणे फार अवघड असते.