निलगिरीची बाटली कुठे ठेवली आहे?



आपल्या घरांत सुगंध पाहुणा नाही, घरचाच आहे. जुम्म्याच्या गुस्लनंतर कानामागे अत्तर, ईदेला गुलाबपाणी, सर्दीला निलगिरीचे तेल, दाढ दुखली की लवंगेचे तेल, पोट बिघडले की ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल. मय्यतीच्या शेवटच्या गुस्लसाठी आणलेला कापूर उरतो, तोही कपाटात जातो. हुजूर पाक (स.) यांना खुशबू आवडत असे, म्हणून सुगंधाबद्दल आपल्या मनात आधीपासूनच आदर आहे. हल्ली त्यात भर पडली आहे ती 'इसेन्शियल ऑइल' या नावाने मोबाईलवर मागवल्या जाणाऱ्या छोट्या काळ्या बाटल्यांची. टी ट्री, लॅव्हेंडर, पेपरमिंट, लेमनग्रास. ही तेले वापरावीत का, मुलांना लावावीत का, उमऱ्याला जाताना सोबत न्यावीत का, हे प्रश्न आता घरोघरी निघतात. या महिन्यात आपण त्याबद्दलच बोलू.

पहिली गोष्ट, हे तेल म्हणजे नेमके काय? खोबरेल, तीळ, करडई किंवा कलौंजीचे तेल बी दाबून काढतात. ते स्निग्ध असते. इसेन्शियल ऑइल बहुधा वाफेने काढतात. पाने, फुले किंवा साल वाफेवर ठेवायची, वाफ थंड करायची आणि वर तरंगणारा सुगंधी अर्क वेगळा करायचा. घरी ओळखायची सोपी रीत आहे. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. कलौंजीच्या तेलाचा तेलकट डाग राहील, शुद्ध निलगिरीचा उडून जाईल. म्हणून कलौंजीच्या तेलाची सवय या बाटल्यांना लावू नये. एक चमचाभर घेण्याची रीत इथे चालत नाही.

ही विद्या आपल्याला परकी नाही. नवव्या शतकात अल-किंदी यांनी अत्तरे आणि अर्क काढण्यावर ग्रंथ लिहिला. बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय नूरजहाँच्या आईला दिले आहे. आपल्या दख्खनमध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी 'इत्र-ए-नौरसशाही' नावाचा खास सुगंधांचा ग्रंथ लिहिला गेला. कन्नौजला आजही तांब्याच्या देगेत फुले शिजवून, वाफ चंदनाच्या तेलात उतरवून अत्तर करतात. त्या जुन्या कारागिरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: अर्क म्हणजे ढीगभर फुलांचा एक थेंब. १ किलो गुलाबतेलासाठी सुमारे ३ ते ४ हजार किलो फुले लागतात. पन्नास रुपयांत 'शुद्ध गुलाबतेल' मिळत असेल, तर त्यात गुलाब किती हे आपणच समजून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. जे इतके तीव्र आहे ते लहान मुलाच्या हाती लागले तर काय होते? निलगिरीचे तेल एक चमचा, म्हणजे ५ मिली, पोटात गेले तरी लहान मूल गंभीर आजारी पडू शकते. आधी खोकला आणि उलटी, मग गुंगी, कधी झटके. कापूर त्याहून धोक्याचा. एक ग्रॅमच्या आसपास कापूरही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो आणि झटके काही मिनिटांतच येऊ शकतात. कापराची वडी पांढरी, खडीसाखरेसारखी दिसते, म्हणून मूल ती तोंडात घालते. सांधेदुखीच्या गंधपुरा तेलाचे ५ मिली पोटात जाणे म्हणजे ॲस्पिरिनच्या मोठ्यांच्या सुमारे वीस गोळ्या एकदम गिळण्यासारखे आहे. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर एकत्र करून घरोघरी जी अमृतधारा बनते, तिच्यातही कापूर असतोच. मोठ्यांच्या बताशावरचे दोन थेंब लहानग्याला देऊ नयेत.

आमच्या औशाकडे, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, आणखी एक पद्धत रुजली आहे. डास मारायच्या मशीनची रिकामी बाटली घ्यायची, तीत कडुनिंबाचे तेल आणि कापूर भरायचा आणि ती रात्रभर लावायची. पैसे वाचतात हे खरे. पण बंद खोलीत रात्रभर कापराची वाफ तान्ह्या बाळाने किंवा दम्याच्या माणसाने ओढणे बरे नाही. शिवाय ती बाटली दिवसा जमिनीलगतच्या बोर्डालाच लटकत राहते, नेमकी रांगणाऱ्या मुलाच्या हाताच्या उंचीवर. गवती चहाच्या तेलाने डास दूर राहतात, पण तासा-दोन तासांपुरतेच. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपलेल्या बाळावरही मच्छरदाणी हवी. साठवलेल्या पाण्याचे हौद आणि टाक्या झाकून ठेवणे हा कोणत्याही तेलापेक्षा पक्का इलाज आहे. आठवड्यातून एकदाच नळ येतो तिथे तर तो विसरून चालणारच नाही.

मग वापरायचे कसे? काही नियम पाठ करून टाकू.

तेल कधीही नुसते अंगाला लावू नये. २० थेंबांचा साधारण १ मिली होतो, म्हणजे एक चमचा खोबरेलात एक थेंब टाकला की मिश्रण १ टक्क्याचे झाले. मोठ्यांसाठी एक-दोन थेंब पुरेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. खाज किंवा लाली आली तर सोडून द्यावे.

दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला, छातीला किंवा उशीला निलगिरी, पुदिना वा कापूर लावू नये. थंड वाटते म्हणून श्वास मोकळा झाला असे आपल्याला भासते, पण तान्ह्याचा श्वास त्याने अडकू शकतो. दादी-नानी प्रेमाने लावतात, तेव्हा त्यांना अदबीने पण स्पष्ट सांगावे.

वाफारा मोठ्यांनी घ्यावा. साध्या गरम पाण्याची वाफही काम करते, तेल एक थेंब पुरे. उकळत्या पातेल्यासमोर मुलाला बसवून डोक्यावर टॉवेल टाकू नये. भाजण्याचा धोका सर्दीपेक्षा मोठा.

लवंगेचे तेल कापसाच्या बोळ्याला लावून फक्त दुखऱ्या दाढेवर धरावे. हिरडीला लागले तर ती भाजते. दुखणे थांबले तरी दाढ किडलेलीच असते, दाताच्या डॉक्टरकडे जावे लागतेच.

घरात मांजर असेल तर टी ट्री तेल तिच्या अंगाला कधीच लावू नये. पिसवांवरचा उपाय म्हणून काही जण लावतात, पण मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. गरोदर बहिणींनी आणि झटक्यांचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही वापरू नये.

प्रवासाचे म्हणाल तर, औशाहून गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाज यांच्या दर्ग्याला निघालेल्या जीपमध्ये मळमळ होणारे एक मूल असतेच. रुमालाला लिंबाची साल चोळून वास द्यावा, खिडकी उघडावी. तेलाच्या बाटलीपेक्षा हे बरे. उभ्या गाडीत, मे महिन्याच्या उन्हात, तेलाची बाटली ठेवू नये. ही तेले पेट घेणारी असतात आणि उष्णतेने बुचातून गळतात.

उमरा किंवा हजला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परदेशी विमानात हातातल्या बॅगेत द्रव पदार्थाची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एहरामची नियत केल्यानंतर खुशबू लावण्याची मनाई आहे. अत्तर सगळ्यांच्या लक्षात राहते, पण सुगंधी साबण, वासाचा टिशू आणि सुगंधी तेल विसरले जाते. पाय दुखले म्हणून बाम किंवा निलगिरी लावावी का, याचा मसला निघण्याआधीच आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा आणि बिनवासाचा साबण व व्हॅसलीन सामानात ठेवावे.

इतके करूनही मुलाने तेल प्यायले किंवा कापूर खाल्ला तर? उलटी करवू नका. तेल उलटून फुफ्फुसात गेले तर संकट दुप्पट होते. मीठपाणी, दूध, तूप काही पाजू नका. मूल ठीक दिसते म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरळ दवाखाना गाठा. औशाहून लातूर सुमारे २० किलोमीटर आहे. आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, तिथून पुढे पाठवतील. बाटली सोबत न्या, म्हणजे काय आणि किती गेले हे डॉक्टरांना कळेल. डोळ्यात गेले तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा.

बहिणींनो, सुगंध ही अल्लाहची नेमत आहे आणि मूल ही अमानत. दोन्ही एकाच घरात सुखाने राहू शकतात, फक्त बाटली वरच्या फळीवर, कुलपाच्या कपाटात हवी. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत तेल भरून ठेवू नका. मासिक खाली ठेवल्यावर एकदा घरातून फिरून या. पलंगाच्या उशाशी, फ्रीजवर, शिलाई मशीनच्या खणात, पाहुण्यांच्या पर्समध्ये काय काय आहे ते पाहा. आज दहा मिनिटे लागतील. इन्शाअल्लाह, रात्रीच्या दवाखान्याची धावपळ टळेल.